नर्सरीच्या वेबसाइटवर सर्च कन्सोल आणि क्लॅरिटी: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

गूगल सर्च कन्सोल आणि मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी ही दोन्ही साधनं फुकट आहेत. मी दोन्ही एकत्र वापरतो, म्हणून एकत्रच लिहितोय. वेबसाइट आमच्या घरच्या नर्सरीची आहे. मराठवाड्यातली. केसर आंबा, बाळानगर सीताफळ, सरदार पेरू, कागदी लिंबू. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, जवळजवळ सगळे मोबाइलवरून येणारे, बरेचसे बांधावर उभं राहून बघणारे. पावसाळ्याच्या तोंडावर झुंबड, दिवाळीनंतर शुकशुकाट.

आधी सर्च कन्सोलबद्दल. लोकांनी गूगलवर नेमके कोणते शब्द टाकले तेव्हा आपलं पान दिसलं, हे तो दाखवतो. त्याच्या बाकीच्या सोयी मला फारशा लागल्या नाहीत, पण ही एक यादी वाचायला मी आजही दर आठवड्याला बसतो. आमच्या वेबसाइटवर सगळीकडे ‘दर्जेदार कलमे’ आणि ‘वाजवी दर’ असं छापील मराठी होतं. लोक शोधत होते ‘केसर आंबा रोप रेट’, ‘लिंबू रोपे कुठे मिळतील’, ‘एकरी किती झाडे बसतात’. निम्मे जण हेच रोमन लिपीत लिहितात, तेही प्रत्येकाच्या वेगळ्या स्पेलिंगने. माईक दाबून विचारणाऱ्यांचे तर अख्खे प्रश्न येतात. कलम आणि रोप यांतला फरक आम्हाला जिव्हाळ्याचा असेल, शोधणाऱ्याला नसतो. म्हणून आता पानावर दोन्ही शब्द आहेत आणि ‘दर’च्या शेजारी ‘रेट’ही आहे. शब्द कोंबलेले नाहीत, बोलताना येतात तसेच आलेत.

त्याच यादीत दुसरी गोष्ट दिसते: पान दिसतं खूप वेळा, पण त्यावर बोट पडतं कमी. होम पेजचं शीर्षक ‘मुख्यपृष्ठ – आपले सहर्ष स्वागत’ असल्यावर दुसरं काय होणार? शीर्षकात वाण, तालुका आणि ‘रेट व उपलब्धता’ आल्यावर क्लिक वाढले. आपण दिलेलं शीर्षक पटलं नाही तर गूगल स्वतःच दुसरं जुळवून दाखवतो, त्यामुळे आपण लिहिलं म्हणजे तेच दिसेल याची खात्री नसते. नेमकं लिहिलं की त्यात ढवळाढवळ कमी होते, एवढं मात्र जाणवलं.

एसईओवाल्यांचं, म्हणजे गूगलच्या शोधात पान वर आणून देणाऱ्यांचं काम इथे संपतं. माणूस पानावर आला, झालं. पण येऊन त्याने काय केलं? त्यासाठी क्लॅरिटी.

क्लॅरिटी म्हणजे पानावर आलेल्या माणसाचं बोट कुठे फिरलं, कुठे थांबलं, कुठे वैतागून पाच-सहा वेळा आपटलं, याचं रेकॉर्डिंग. माणसाचं नाव-गाव कळत नाही आणि फॉर्ममध्ये भरलेला मजकूर आपोआप झाकलेला असतो. तरी गोपनीयतेच्या पानावर मी याचा उल्लेख केलाय, करायलाच हवा. रिपोर्टमध्ये ‘डेड क्लिक’ नावाचा आकडा असतो, म्हणजे जिथे दाबून काहीच होत नाही तिथे पडलेली बोटं. आमच्याकडे हा आकडा एकाच जागी साठला होता: रेटच्या पाटीच्या फोटोवर.

हा फोटो म्हणजे या सगळ्या अनुभवाचं सार आहे, म्हणून जरा सविस्तर. दर हंगामात नर्सरीच्या गेटवरची पाटी नव्याने रंगवली जाते. तिचा फोटो काढून वेबसाइटवर टाकायचा, ही वर्षानुवर्षांची पद्धत. दिसायला छान, घरच्यांना अभिमान. मोबाइलवर मात्र त्यातली अक्षरं मुंगीएवढी. लोक दोन बोटांनी फोटो मोठा करू बघत, थीममध्ये, म्हणजे वेबसाइटच्या तयार साच्यात, झूम बंद केलेलं, मग वैतागून टकटक आणि मग परत गूगलवर. रेकॉर्डिंगमागून रेकॉर्डिंग हेच. आणि इकडे सर्च कन्सोलमध्ये ‘रेट’च्या शोधांना आम्ही तळाला, कारण गूगलच्या लेखी त्या पानावर रेट नावाचा मजकूरच नव्हता. फोटोतली अक्षरं पानावरच्या मजकुरासारखी धरली जात नाहीत.

रेट साध्या अक्षरांत लिहिले. आधी तक्ता केला: वाण, पिशवीचा आकार, रोपाची उंची, रेट, शिल्लक. पाच रकाने मोबाइलवर मावेनात, आडवं सरकवायला लागायचं आणि रेटचा रकाना नेमका पडद्याबाहेर. मग तक्ता मोडून प्रत्येक वाणाची वेगळी चौकट केली. वाणाचं नाव, खाली रेट, खाली शिल्लक आहे की संपलं, खाली फोनचं बटण. डेड क्लिक ओसरले आणि काही आठवड्यांनी त्याच शोधांमध्ये पान वर सरकलं. गूगलसाठी वेगळं, माणसासाठी वेगळं असं काही करावंच लागलं नाही. पाटीचा फोटो अजून आहे, पण खाली, ‘आमच्याविषयी’मध्ये.

प्रत्येक वेळी मात्र इतकं सरळ जमत नाही. एका ओळखीच्या एसईओवाल्याने सल्ला दिला होता की प्रत्येक पान किमान दोन हजार शब्दांचं करा. त्यानुसार केसर आंब्याच्या पानावर इतिहास, हवामान, जमीन, खड्डा, खत, छाटणी असं सगळं वर आणि रेट तळाला गेला. रेटसाठी आलेला माणूस तिथपर्यंत पोचतच नव्हता. अमुक शब्दसंख्या आम्हाला हवी असते असं काही नाही, हे गूगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय. तरी हा समज जात नाही. गंमत अशी की तो लांब लेख वाया गेलेला नव्हता. ‘एकरी किती झाडे’ विचारत आलेले लोक तो शेवटपर्यंत वाचत होते. पाच बाय पाच मीटरवर एकरी साधारण १६० झाडं बसतात, हा हिशोब असलेल्या परिच्छेदावर सगळ्यात जास्त वेळ थांबत होते. म्हणजे पान एक, पण गिऱ्हाइकं दोन. आता पानंही दोन आहेत: एक रेटचं, आटोपशीर, दुसरं लागवडीचं, लांब. दोन्हींतून एकमेकांकडे लिंक. ही फाळणी कुठे करायची हे सर्च कन्सोल एकट्याने सांगू शकला नसता आणि क्लॅरिटीही नाही.

पॉपअपवरून घरात वाद झाला. पान उघडताच ‘आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सामील व्हा’ असा मोठा डबा यायचा. चुलतभावाचं म्हणणं, ग्रुपमुळेच बुकिंग येतं. खोटंही नाही. पण मोबाइलवर मजकूर झाकणारे असे डबे गूगल जानेवारी २०१७ पासून प्रतिकूल धरतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याची बारीकशी फुली सापडत नाही म्हणून परत जाणारे लोक मी त्याला दाखवले. शेवटी डबा गेला, तळाला बोटभर पट्टी आली: डावीकडे फोन, उजवीकडे व्हॉट्सॲप. ग्रुपमध्ये येणं थांबलं नाही. भाऊ म्हणतो, पट्टी जरा मोठी हवी होती.

वेगाबद्दल थोडक्यात. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनात शंभरपैकी मिळणारा गुण हा प्रयोगशाळेतला गुण आहे. तो ९५ झाला म्हणून रँक वाढत नाही. खरं मोजमाप क्रोम वापरणाऱ्यांच्या फोनवरून गोळा होतं: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद यावा, मजकूर उड्या मारू नये. आमच्यासारख्या लहान वेबसाइटला मात्र या मोजमापाच्या अहवालात बहुतेक वेळा ‘पुरेसा डेटा नाही’ एवढंच वाचायला मिळतं. म्हणून मी एक जुना, स्वस्त फोन चाचणीसाठी ठेवलाय आणि तो घेऊन रेंज कमी असते तिथे, विहिरीजवळ जातो. सर्वात वरच्या मोठ्या फोटोवरचं लेझी लोडिंग (फोटो गरज पडेपर्यंत न उतरवण्याची सोय) काढल्यावर फरक नुसत्या डोळ्यांना दिसला. फॉन्टचंही तसंच. देवनागरी वेबफॉन्टच्या, म्हणजे पानासोबत उतरवाव्या लागणाऱ्या फॉन्टच्या फाइली जोडाक्षरांमुळे जड असतात. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये नोटो देवनागरी हा फॉन्ट आधीच असतो, म्हणून मजकुरासाठी तोच ठेवला आणि वेगळा फॉन्ट फक्त मथळ्यांना. पान उघडताना ओळी खाली-वर होणं थांबलं.

मराठी वेबसाइटवाल्यांसाठी एक खास डोकेदुखी: पानाचा पत्ता. वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, पत्त्याचा शेपूट २०० चिन्हांत बसवतो आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे नऊ चिन्हांची जागा खातं. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे बाविसाव्या चिन्हानंतर मजकूर कापला जातो. गूगलला देवनागरी पत्ता वाचता येतो, त्याची अडचण नाही. अडचण माणसाची आहे. ती लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक आगगाडी दिसते आणि कुणी तिला हात लावत नाही. नवीन पानांचे पत्ते आता रोमन आणि छोटे ठेवतो. जुने बदलले तेव्हा जुन्यावरून नव्याकडे कायमचं वळण दिलं. ते दिलं नसतं तर मिळालेली जागाही गेली असती.

दोन्ही साधनांच्या मर्यादा आहेत. सर्च कन्सोलच्या पडद्यावर एका वेळी हजारच ओळी मिळतात, फार कमी लोकांनी केलेले शोध लपवले जातात आणि सरासरी क्रमांकाचा आकडा फसवा असतो. आकडे १६ महिने मागचे मिळतात. आमच्या धंद्याला हे जेमतेम पुरतं: मागचा जून आणि हा जून शेजारी ठेवता येतो. क्लॅरिटीची रेकॉर्डिंग साधारण ३० दिवसांत पुसली जातात, म्हणजे जूनच्या गर्दीत कामाचा रगाडा असतानाच ती बघावी लागतात. शिवाय ती बघण्याचं व्यसन लागतं. रात्री जेवण झाल्यावर लोक मालिका बघतात, मी अनोळखी बोटं बघतो.

आणि रोप विकलं गेलं की नाही, हे दोन्हींपैकी कुणालाच कळत नाही. त्यासाठी आमच्याकडे वही आहे. फोन आला की ‘नंबर कुठून मिळाला?’ विचारायचं आणि बुकिंगसमोर लिहायचं. महिन्याअखेरी वही आणि सर्च कन्सोल समोरासमोर ठेवले की कोणतं पान नुसतं बघ्यांची गर्दी जमवतं आणि कोणतं पैसे आणतं ते उघडं पडतं. लागवडीचं पान पहिल्या प्रकारचं, रेटचं दुसऱ्या.

सध्याचं काम हंगाम संपल्यानंतरच्या पानांचं आहे. पूर्वी माल संपला की पान काढून टाकायचो. आता पान राहतं. वर ‘या हंगामातली रोपं संपली, पुढची तयार होतील मे महिन्यात’ एवढं ठळक आणि खाली आगाऊ नोंदणीचा फोन नंबर. लिंबाच्या पानावर याच ओळीमुळे ऐन हिवाळ्यात फोन येतायत. पेरूचं पान अजून करायचं बाकी आहे.