स्टीलचा फिल्टर की व्ही६०? आधी दूध आणि पाणी बघा

फेटलेली इन्स्टंट, भरपूर दूध-साखर आणि वर किसलेलं जायफळ. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत कॉफी म्हणजे एवढंच. त्यापुढे जाऊन खऱ्या पावडरीची कॉफी करायची म्हटलं की ऑनलाइन दुकानात डझनभर वस्तू समोर येतात. घरी रोज चालतील अशा त्यात चार: स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर (एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या बुडाला भोकं), व्ही६० (कागद लावून कॉफी गाळायचा शंकू), फ्रेंच प्रेस (दांड्याच्या जाळीने गाळ खाली दाबणारं भांडं) आणि मोका पॉट (वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं). खरी निवड पहिल्या दोघांतच आहे, आणि ती दोन गोष्टींवर ठरते. कपात दूध पडणार का? आणि किटलीत पाणी कुठलं?

दूध पडणार असेल तर फार विचार करायचं कारण नाही, फिल्टर घ्या. व्ही६०च्या कपात कॉफीचा विरघळलेला अंश जेमतेम सव्वा-दीड टक्का असतो. त्यात दूध ओतलं की कॉफीही पाणचट आणि दूधही पाणचट. फिल्टरमधून उतरणारा अर्क, म्हणजे डिकॉक्शन, त्याच्या कितीतरी पट दाट, म्हणून म्हशीच्या सायीच्या दुधातही त्याची चव बुडत नाही.

फिल्टरचं माप असं: दोन कपांसाठी २० ग्रॅम पावडर, १२० मिली उकळतं पाणी. पावडर आपल्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली साधारण ८० मिली डिकॉक्शन उतरतं. दर कपाला ४० मिली डिकॉक्शन आणि १०० मिली गरम दूध. पावडर वरच्या भांड्यात सारखी पसरा आणि छत्री (दांडी असलेली भोकांची चकती) ठेवून अंगठ्याने हलकेच दाबा. आधी दोन-तीन चमचे पाणी गोल फिरवत घाला, अर्धा मिनिट थांबा, मग उरलेलं ओता आणि झाकण लावा. १५ ते २० मिनिटं लागतात. रात्री लावून सकाळी वापरलं तरी चालतं.

पाणी उतरायचं थांबलं तर पावडर फार बारीक आहे किंवा छत्री जास्त दाबली गेली आहे, असा पहिला संशय घ्या. पण त्याआधी वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा ठेवून बघा. दोन्ही भांडी घट्ट बसली की खालची हवा कोंडते आणि थेंब अडतात. उचलल्याबरोबर टपटप सुरू झाली तर दोष पावडरीचा नव्हता. महिन्या-दोन महिन्यांत जाळीची भोकं बुजतात. भांडं उजेडाकडे धरलं की कोणती बुजली ते लगेच दिसतं. गरम पाण्यात भिजवून ब्रशने घासा. तेवढ्याने मोकळी झाली नाहीत तर स्टीलचं वरचं भांडं पकडीत धरून बूड गॅसच्या आचेवर मिनिटभर फिरवा, अडकलेलं जळून जातं. उलट पाच मिनिटांतच सगळं पाणी खाली आलं तर पावडर जाड आहे आणि डिकॉक्शन चहासारखं पातळ दिसेल. डिकॉक्शन गार झालं म्हणून गॅसवर उकळू नका, कडू होतं. दूध कडक तापवा, डिकॉक्शन त्यात मिसळा. पितळी फिल्टर दिसायला देखणा असतो, पण आतली कल्हई उडाली की पुन्हा लावून घ्यावी लागते आणि कल्हईवाला आता गल्लीत येत नाही. स्टीलच बरा.

पाकिटावरचा चिकोरीचा आकडा न चुकता वाचा. चिकोरी हे भाजलेलं मूळ आहे. त्यात कॅफिन नसतं, पण रंग आणि दाटपणा येतो. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, त्यामुळे स्वस्त पाकिटात जवळजवळ अर्धी चिकोरी असू शकते. ८०:२० किंवा ८५:१५ पासून सुरुवात करा. लातूर-नांदेडकडून हैदराबादला कुणी जाणार असेल तर त्याला ताजी दळलेली पावडर आणायला सांगता येते. फक्त 'फिल्टरसाठी' आणि 'चिकोरी किती' हे दोन्ही लिहून द्या. चिकोरीची पावडर व्ही६०मध्ये मात्र घालू नका. कागद तुंबतो आणि उतरतं ते काळं, कडू पाणी.

आता व्ही६०. याची गोष्ट कोरी कॉफी पिणाऱ्यासाठीच आहे. जपानी हारिओ कंपनीचा हा ६० अंशांचा शंकू, नावातले ६० तिथूनच आले. यात कॉफीची फळाळ, आंबटगोड चव स्वच्छ उतरते, आणि त्याचबरोबर पाण्याचा दोषही तितकाच स्वच्छ उतरतो. मराठवाड्यात खरी अडचण इथे आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं आणि बऱ्याच ठिकाणी जड असतं. किटलीत बसणारा पांढरा थर तोच. या पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारतात, मग महागडे चिकमगळूरचे दाणेही खडूसारखे सपाट लागतात. आरओचं किंवा जारचं पाणी दुसऱ्या टोकाचं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ३०-४० असेल तर कॉफी पोकळ आणि बोचरी लागते. कॉफीसाठी टीडीएस १५०च्या आसपास हवा. बोअरचा ६०० आणि आरओचा ४० असेल तर चार भाग आरओमध्ये एक भाग बोअर मिसळा, सरासरी १५०च्या आसपास येते. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. क्षार कोणते आहेत हे तो सांगत नाही, पण मिश्रण जमवायला पुरतो. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की पुन्हा मोजा, कालचं प्रमाण आज चालत नाही. फिल्टर कॉफीत दूध, साखर आणि चिकोरी मिळून यातलं बरंच झाकतात, हा त्याचा मोठा फायदा.

कृती: १५ ग्रॅम कॉफी, बारीक रव्याइतकी दळलेली, आणि २४० ग्रॅम पाणी. कागद शंकूत बसवून गरम पाण्याने भिजवा, ते पाणी फेकून द्या. मग कॉफी घालून आधी ४५ ग्रॅम पाणी ओता. ताजी कॉफी ज्वारीची भाकरी जाळावर फुगावी तशी टम्म वर येते आणि तिला बारीक बुडबुडे सुटतात. अडकलेला कार्बन डायऑक्साइड निघतो तो हा. अजिबात फुगली नाही तर कॉफी शिळी आहे. ४० सेकंदांनी गोल फिरवत १४० ग्रॅमपर्यंत, मग २४०पर्यंत. पहिल्या ओतण्यापासून तीन मिनिटांच्या आसपास सगळं उतरायला हवं. चार मिनिटांच्या पुढे गेलं तर दळण बारीक आहे, चव तुरट-कडू होईल. दोन मिनिटांतच संपलं तर दळण जाड, चव आंबट आणि पोकळ. कागदात चिखलाचा लेप दिसला तर पावडरीत भुकटी फार आहे. संभाजीनगरच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळतं, म्हणून हलक्या भाजणीला उकळतं पाणी थेट वापरा. गडद भाजणीला मिनिटभर थांबा. प्लास्टिकचा शंकू घ्या: स्वस्त, न फुटणारा आणि उष्णता कमी खाणारा. ०.१ ग्रॅमचा काटा वापरताना डोक्यावरचा पंखा बंद करा, वाऱ्याने आकडे नाचतात.

व्ही६०चा खरा खर्च शंकूत नाही, ग्राइंडरमध्ये आहे. जात्यासारखे दोन दाते एकमेकांसमोर फिरणारा हाताचा ग्राइंडर लागतो. मिक्सर दळत नाही, तोडतो: काही कण गव्हाएवढे, काही पिठासारखे. शिवाय चटणीच्या भांड्याला लागलेला काळ्या मसाल्याचा वास धुऊनही जात नाही. वर कागद दर महिन्याला लागतात आणि तालुक्याच्या गावात ते मिळणं अवघड, एकदम शंभरचं पाकीट मागवून ठेवा. हिशेबही बघा: व्ही६०मध्ये १५ ग्रॅममध्ये एक माणूस पितो, फिल्टरमध्ये २० ग्रॅममध्ये दोघं. चार पाहुणे आले तर व्ही६०वाला ओट्याशीच उभा राहतो.

मिक्सरवरच भागवायचं असेल आणि कोरीच प्यायची असेल तर फ्रेंच प्रेस. दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मैद्याच्या चाळणीने भुकटी काढून टाका. ३० ग्रॅमला ५०० मिली पाणी, चार मिनिटं. वरची साय चमच्याने मोडून फेस काढा, मगच दांडा खाली घ्या. कपाच्या तळाशी गाळ राहतोच, शेवटचा घोट सोडून द्यायचा. मे महिन्यात हाच प्रेस जास्त कामाला येतो: ६० ग्रॅम जाड कॉफी, ५०० मिली गार पाणी, फ्रिजमध्ये १४ तास. मग गाळून, पाणी किंवा दूध आणि बर्फ घालून प्या.

मोका पॉटची कॉफी दुधाला चालते, पण तो लक्ष मागतो. पाणी सुरक्षा झडपेच्या खालीच भरा, पावडर दाबू नका, फसफस आवाज आला की लगेच उतरवा. ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर तापत नाही आणि गॅसच्या जाळीवर लहान पॉट डगमगतो, वर ठेवायला छोटी कडी लागते.

कोणतंही साधन घेतलं तरी पावडर १०० ते २०० ग्रॅमच आणा, हवाबंद डब्यात, ओट्यापासून लांब. ४२ अंशांच्या घरात उघड्या पाकिटातला कॉफीचा सुवास दोन आठवड्यांत उडतो. फ्रिजमध्ये उघडं ठेवलं तर ओल धरतं आणि कढीचा वास घेतं. जास्तीची पावडर लहान पुड्या बांधून फ्रीझरमध्ये टाका आणि पुडी बाहेरच्या तापमानाला आल्यावरच फोडा.