डब्याचा पत्रा: देशात ठेवावा की बाहेर पाठवावा?

दुसऱ्या महायुद्धात, 1942 च्या सुरुवातीला मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हाती गेले आणि अमेरिकेचा कथिलाचा मुख्य पुरवठा तुटला. डबा असतो पोलादाचाच, वर कथिलाचा पातळ थर. तो नसेल तर टोमॅटोचा आंबटपणा पत्र्याला खातो. मग कथिल लावलेला मोजकाच पत्रा अमेरिकेने देशात ठेवावा की बाहेर पाठवावा, हा प्रश्न होता.

पत्रा देशातच ठेवला, तर हंगामातला टोमॅटो, वाटाणा वाया जात नाही. पण घरी काचेच्या बरण्यांची सोय होतीच. बिअर आणि कुत्र्यांच्या खाण्याचे डबे तर बंदच केले, ते योग्यच.

पत्रा बाहेर पाठवला, तर अर्जेंटिनातलं मांस डबाबंद होऊन ब्रिटनला पोचतं. आघाडीवर बरण्या कशा टिकणार? मला निर्यातीचंच पारडं जड वाटतं, फक्त पत्रा अन्नासाठीच वापरला जातोय याची खात्री हवी होती.