कुत्र्याला बोलावण्या-थांबवण्यासाठी ॲक्मे कंपनीची २११.५ नंबरची शिट्टी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

शिट्टी प्लास्टिकची, आत गोळी नसलेली. कुत्रा लॅब्रेडॉर, वय दोन वर्षं. सराव सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि वेताळ टेकडीवर.

आधी एक सांगायचं, तुरतुरणारी गोळीची शिट्टी घेऊ नका. पुण्यात ती चौकात ट्रॅफिक पोलीस वाजवतो, गाडी मागे घेताना वॉचमन वाजवतो. कुत्रा तो आवाज दिवसभर ऐकतो आणि त्यानंतर त्याला काहीच मिळत नाही, त्यामुळे तो तिकडे कान देणं सोडून देतो. शिवाय लाळ साचली की गोळी चिकटते. बिनगोळीच्या शिट्टीत अडकण्यासारखं काही नाही, नळाखाली धुतली की झालं. दुसरा मोठा फायदा सुराचा: २११.५ चा सूर ठरलेला असतो. हरवली तर त्याच नंबरची नवी आणायची. घरात दोघं फिरवत असतील तर दोघांकडे एकेक. स्पॅनियल जातीचे कुत्रे पाळणारे बहुधा २१०.५ घेतात, तिचा सूर थोडा चढा. कुत्र्याला कुठलीही चालते, पण एकदा घेतली की नंबर बदलू नये.

स्क्रूची ‘सायलेंट’ शिट्टी मात्र आम्ही सुचवणार नाही. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५ च्या आसपास. त्या फरकावर ती चालते. पण खिशात स्क्रू सरकला तर सूर बदलतो आणि आपल्या कानाला पत्ताही लागत नाही. फार चढा सूर झाडीत लवकर विरतो, हेही आहेच.

सुरुवात बोलावण्याच्या शिट्टीने, घरात, कुत्रा पायाशी असताना. जिभेच्या टोकाने तोडत चार छोट्या फुंकरी, टु-टु-टु-टु, आणि सेकंदाच्या आत मटाराच्या दाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा (पनीरही चालतं). एका वेळी दहा, दिवसातून दोनदा, आठवडाभर. फ्लॅटमध्ये हळूच फुंकायची, कानाजवळ कधीच नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे शिट्टीआधीच हात खिशाकडे जाणं. मग कुत्रा हात वाचायला शिकतो, शिट्टी नाही. आधी आवाज, मग हात.

पुढे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, मग पार्किंगमध्ये. तिथे आवाज घुमतो आणि कुत्रा कधी उलट्या दिशेला बघतो. अशा वेळी दोन पावलं मागे सरका, हालचाल दिसली की येतो. मोकळ्या जागी दहा मीटरचा दोर, तोही गळपट्ट्याला नाही, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला). दोर हाताला गुंडाळू नये, बोटं सोलवटतात. शिट्टी एकदाच वाजवायची. आला नाही तर दोर धरून त्याच्याकडे जायचं, परत फुंकायचं नाही, आणि पुढच्या वेळी अंतर निम्मं करायचं. तीन-तीनदा फुंकलं की तिसऱ्या शिट्टीलाच यायचं असतं, असं त्याच्या डोक्यात बसतं.

थांबायची शिट्टी वेगळी: एक लांब, सेकंदभराची. ‘बस’ त्याला आधीपासून येत असेल तरच घ्या. क्रम असा: शिट्टी, सेकंदभर थांबून ‘बस’. उलट केलं तर तो शब्दावर बसून मोकळा होतो आणि शिट्टीला अर्थच उरत नाही. खाऊ त्याच्यापाशी चालत जाऊन, बसल्या जागी द्यायचा. आपल्याकडे बोलावून दिला तर तो बसण्याऐवजी सरकत पुढे येऊ लागतो.

बसलेली सवय मोडते ती पट्ट्यामुळे. शिट्टीवर आला, पट्टा अडकवला, घरी नेलं: असं चार दिवस झालं की पाचव्या दिवशी तो दहा पावलांवरच घुटमळतो. दहा वेळा बोलावलं तर आठ वेळा खाऊ देऊन पुन्हा हुंगायला सोडा. आंघोळीसाठी, औषधासाठी शिट्टी नाहीच. त्या वेळी स्वतः जाऊन आणावं. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. मे महिन्यात सराव सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. दिवाळीच्या फटाक्यांत सरावाला सुट्टी.

आठ महिन्यांत शिट्टीच्या तोंडावर दातांचे ओरखडे आले, आवाज तोच आहे. गळ्यात अडकवायची दोरी वेगळी घ्यावी लागली. पार्किंगमध्ये कुत्रा पहिल्या शिट्टीला येतो, टेकडीवर इतर कुत्रे दिसत असले तरी बहुतेक वेळा येतो. समोरून मोर धावला तर मात्र नाही. म्हणून टेकडीवर दोर आजही हार्नेसलाच असतो.