गाळ्यातल्या लॅबसाठी हायड्रोजन जनरेटर: एफआयडीला घ्या, एमएसला नको

अंधेरी-विक्रोळीच्या गाळ्यांत चालणाऱ्या टेस्टिंग लॅबना गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये (जीसी, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नमुना वाहून नेणारा कॅरियर गॅस म्हणून लागणाऱ्या आयात हेलियमचा खर्च जड जातो. त्याऐवजी मिनिटाला ३०० मिली देणारा पीईएम हायड्रोजन जनरेटर (मेम्ब्रेन वापरून पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) घ्यावा का? जीसीला एफआयडी (हायड्रोजनच्या ज्योतीत घटक जाळून मोजणारा डिटेक्टर) असेल तर जरूर घ्यावा.

पहिला फायदा वेळेचा. ०.२५ मिमी व्यासाच्या कॉलममध्ये (घटक वेगळे करणाऱ्या बारीक नळीत) नायट्रोजनचा उत्तम वेग सेकंदाला साधारण १२ सेमी, हेलियमचा २५ च्या आसपास, हायड्रोजनचा ४० च्या. त्यामुळे पीक (आलेखावर घटकागणिक उमटणारी टोकं) एकमेकांत न मिसळता रन लवकर संपतो. हायड्रोजनची व्हिस्कॉसिटी हेलियमच्या निम्म्याहून कमी असल्याने इनलेटचं (नमुना आत सोडतात त्या जागेचं) प्रेशरही उतरतं. सॉफ्टवेअरमध्ये कॅरियरचं नाव बदलायचं राहिलं, तर फ्लोचा हिशेब चुकतो आणि रिटेन्शन टाइम (घटक कॉलममधून बाहेर यायला लागणारे वेळ) भलतेच येतात. एफआयडीच्या ज्योतीला मिनिटाला एकूण ३० ते ४० मिली हायड्रोजन पुरतो. कॉलममधून येणारा त्यातून वजा करा. मेकअपला (डिटेक्टरपाशी जोडायच्या जादा गॅसला) नायट्रोजनच ठेवा.

भीती असते ती स्फोटाची. हवेत ४ टक्क्यांपासून हायड्रोजन पेट घेऊ शकतो. एसी लावलेल्या ६० घनमीटरच्या बंद खोलीत हायड्रोजनचा ७ घनमीटरचा भरलेला सिलिंडर गळून रिकामा झाला, तर प्रमाण ११ टक्क्यांच्या घरात जातं. ३०० मिलीचा जनरेटर तासाला फक्त १८ लिटर सोडतो. खोली पूर्ण बंद धरली तरी ४ टक्के गाठायला पाच दिवसांहून जास्त लागतील. खरा धोका कॉलम तापवणाऱ्या जीसीच्या ओव्हनमध्ये आहे. कॉलम तुटून सगळा फ्लो १४ लिटरच्या ओव्हनमध्ये शिरला, तर तीच पातळी दोन मिनिटांत येते. म्हणून ओव्हनमध्ये हायड्रोजन सेन्सर आणि फ्लो आपोआप तोडणारी सोय हवीच, त्यात काटकसर नको. स्प्लिट व्हेंट (इनलेटमधला जादा गॅस बाहेर सोडणारी वाट) आणि सेप्टम पर्जची (इनलेटच्या रबरी बुचाखालून वाहणाऱ्या गॅसची) नळी थेट एक्झॉस्टला न्या.

बसवल्यावर सुरुवातीला बेसलाइन (नमुना नसतानाची सिग्नलची रेषा) वर राहते, अनोळखी पीक दिसतात. हायड्रोजन जुन्या नळ्या आणि इनलेटमधली घाण सोडवतो. लायनर (इनलेटमधली काचेची नळी) व सेप्टम बदला, नळी नवी स्टेनलेस स्टीलची टाका आणि धीर धरा.

जनरेटरच्या टाकीत नळाचं पाणी कधीही घालू नका, डीआयच (आयन काढलेलं) घाला. पाण्यातले धातूंचे आयन मेम्ब्रेनमध्ये अडकून बसतात आणि ते परत निघत नाहीत म्हटलं तरी चालेल. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं, म्हणून टाकी वेळोवेळी रिकामी करा. गॅसमधला ओलावा शोषणारं सिलिका जेल ओव्हनमध्ये वाळवल्यावर पावसाळ्यात उघड्यावर गार होऊ देऊ नका, झाकूनच ठेवा.

जीसी-एमएससाठी (मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेल्या जीसीसाठी) मात्र हेलियम सोडू नये. गरम इनलेटमध्ये डायक्लोरोमिथेनपासून हायड्रोक्लोरिक आम्ल बनू शकतं, मास स्पेक्ट्रोमीटरच्या आयन सोर्समध्ये नायट्रोबेंझीनचं ॲनिलिन होतं आणि लायब्ररी मॅच (साठवलेल्या नोंदींशी जुळवून घटक ओळखणं) बिघडतो. टीसीडीवर (गॅसची उष्णतावाहकता मोजणाऱ्या डिटेक्टरवर) हायड्रोजन चांगला चालतो, पण हायड्रोजनच मोजायचा असेल तर कॅरियर आर्गॉन किंवा नायट्रोजन घ्या. पीक मुळातच दूर-दूर असतील तर नायट्रोजन सर्वांत स्वस्त आणि निर्धोक. रन लांबतो एवढंच. फार्मातल्या अवशिष्ट सॉल्व्हंटच्या पद्धतीत गॅस बदलला, तर व्हॅलिडेशन पुन्हा करावं लागेल, तो वेळ आधीच धरा.

क्षमतेचा हिशेब असा: मिनिटाला कॉलमला १.५ मिली, १:५० स्प्लिटला ७५, पर्जला ३, ज्योतीला ३५, म्हणजे एका जीसीला साधारण ११५ मिली. ३०० मिलीत दोन जीसी निवांत चालतात. तिसरी जोडायची असेल, तर इंजेक्शननंतर २ मिनिटांनी स्प्लिट २० मिलीवर आणणारा गॅस सेव्हर लावा आणि तिन्हींची इंजेक्शनं एकाच वेळी पडणार नाहीत असं पाहा.