सॉकेट सेट: स्वस्तातला की ब्रँडेड?
सॉकेट सेट (नट-बोल्ट फिरवायच्या वेगवेगळ्या मापांच्या वाट्यांचा संच) घेताना लोक आधी पीस किती ते मोजतात, रॅचेटकडे, म्हणजे सॉकेट ज्यावर बसतो आणि जे आतल्या दातांमुळे एकाच दिशेला पकड घेतं त्या हँडलकडे, कोणी बघतच नाही. स्वस्त सेटमध्ये तो बऱ्याचदा 24 दातांचा, म्हणजे पुढचा दात पकडायला हँडल 15 अंश फिरवावं लागतं, 72 दातांच्याला 5 अंशात काम होतं, आणि इंजिनच्या कोपऱ्यात जिथे हात जेमतेम शिरतो तिथे हे लगेच कळतं. क्रोम व्हॅनेडियम (हत्यारांचं मजबूत स्टील) तर स्वस्त-ब्रँडेड दोन्हींवर छापलेलं असतं हो, खरी गोम हीट ट्रीटमेंट (स्टील तापवून कणखर करणं) आणि फिटिंगमध्ये, सॉकेट सैल बसला की नटाचे कोपरे गोल झालेच समजा. लाइफटाइम वॉरंटीला फार भुलू नका, ती सहसा मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टपुरतीच, जास्त जोर मिळावा म्हणून हँडलला पाइप लावून मोडलंत तर विसरा. रॅचेट ब्रँडेडच घ्या, क्वचित लागणारे मोठे सॉकेट स्वस्तातले चालतात.