चौदावरून सोळा, सोळावरून पंधरा: जुन्या एमएक्स-५ ची चाकं बदलल्याला आठ महिने झाले

आधी गाडी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १.६ लिटर इंजिन, डोळे मिटणारे हेडलाइट आणि पॉवर स्टेअरिंग नाही. वजन टनाच्या आतलं. कंपनीने दिलेली चाकं १४ इंची, साडेपाच इंच रुंद, ऑफसेट ४५ (याचा अर्थ पुढे हिशोबात येतो), टायर १८५/६० आर १४, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, चाक १४ इंची. चार नटांचा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), पीसीडी म्हणजे नटांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर, चाकाचं मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं. ही गाडी जवळ असेल तर एवढे आकडे तोंडपाठ करून ठेवा. मी केले नव्हते.

चाकं बदलायचं खरं कारण टायर होतं. १४ इंचात धड पकड असलेले टायर हल्ली शोधावे लागतात, जे मिळतात ते बहुतेक साध्या घरगुती गाड्यांसाठी बनवलेले. ब्रेकसाठी मोठं चाक लागतं म्हणावं तर पुढची डिस्क २३५ मिलिमीटरची, ती १४ इंची चाकात आरामात बसते. म्हणजे माझी गरज एका इंचाची होती. पण फोटो बघत बसलो आणि सोळावर गेलो. चाक त्याच्यावरच्या पत्र्याच्या कमानीत भरलेलं दिसलं पाहिजे, हा सोस.

सोळा इंची संच मिळाला तो वापरलेला, ७ इंच रुंद, ऑफसेट २५. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, "चार बाय शंभर, म्हणजे चार नट आणि पीसीडी शंभर, आहे ना? मग बसणारच." बसला. नट लागले, गाडी खाली आली, मी चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि खूश झालो. धाकटा भाऊ मात्र म्हणाला, "दादा, बाबांचे बूट घालून शाळेला निघाल्यासारखी दिसतेय." मी दुर्लक्ष केलं.

पहिल्याच दिवशी मागे दोन माणसांचं सामान घेऊन एका खोलगट वळणात गेलो आणि उजव्या मागच्या कमानीतून खर्रर्र असा आवाज आला. उतरून हात फिरवला तर कमानीच्या आतल्या घडीवर रबराची काळी रेघ, आणि टायरच्या खांद्यावर नखाने ओरबाडल्यासारखी गोल खूण. तेव्हा कुठे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

हिशोब अवघड नाही. ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातलं अंतर. मूळ चाक साडेपाच इंच म्हणजे १३९.७ मिलिमीटर, अर्धे साधारण ७०. त्यातून ४५ वजा केले की हबपासून बाहेरची कड २५ मिलिमीटरवर, मिळवले की आतली ११५ वर. ७ इंचाचं अर्धं ८९. ऑफसेट २५ घेतला तर बाहेरची कड ६४ वर जाते. म्हणजे चाक मूळ जागेपेक्षा ३९ मिलिमीटर बाहेर, जवळजवळ चार सेंटिमीटर! आतल्या बाजूला मात्र काहीच फरक नाही. सगळी जाडी एकाच अंगाला आली होती.

रुंदी आणि ऑफसेट हे दोन आकडे नेहमी जोडीने बघायचे. नुसतं 'सात इंची बसतं का' या प्रश्नाला उत्तरच नाही.

घासण्याखेरीज दोन तक्रारी होत्या. एक, नव्वदच्या वेगाला स्टेअरिंग थरथरायचं. दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं, मशीन शून्य दाखवायचं, गाडी तशीच. दोष मधल्या भोकात निघाला. या चाकांचं भोक ७३.१ चं, हबचा गोळा ५४.१ चा, आणि मधली फट भरणाऱ्या हब रिंगच नव्हत्या. चाक मधोमध बसवायचं काम एकट्या नटांवर पडत होतं. नट शंकूच्या आकाराचे, नीट क्रमाने आवळले तर ते चाक मध्यावर आणतातही. पण गाडी जॅकवर लटकत असताना पहिलाच नट पूर्ण आवळून टाकला तर चाक एका बाजूला ओढलं जातं आणि तिथेच राहतं. माझ्या बाबतीत हेच झालं असणार, कारण ७३.१ बाहेर आणि ५४.१ आत अशा रिंग घातल्या, नट समोरासमोर जोडीने आवळले, आणि थरथर त्याच दिवशी गेली.

दुसरी तक्रार गेली नाही. चाक इतकं बाहेर आल्यावर टायरचा मध्य आणि स्टेअरिंग फिरवताना चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष एकमेकांपासून लांब जातात. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत हे लगेच हाताला कळतं. रस्त्यावरची प्रत्येक चरी स्टेअरिंग खेचायची आणि ब्रेक दाबताना एक चाक खड्ड्यात असलं की झटका मनगटापर्यंत यायचा. पार्किंग म्हणजे जात्यावर दळण.

वजनाचा काटा सगळ्यात शेवटी काढला, खरं तर तो आधी काढायला हवा होता. घरातला साधाच काटा. आधी आपण एकटे उभे राहायचं, मग चाक मिठीत घेऊन, आणि वजाबाकी करायची. मूळ चाक टायरसकट सव्वातेरा किलो. सोळा इंची अठरा. एका कोपऱ्याला पावणेपाच किलो, चारी मिळून एकोणीस. आणि हे स्प्रिंगच्या खालचं, शिवाय गोल फिरणारं वजन, गाडीत ठेवलेल्या पिशवीसारखं नव्हे. टायरची भिंत मोजाल तर १८५/६० आर १४ ला १११ मिलिमीटर, २०५/४५ आर १६ ला ९२. सोळावर रस्त्याचे दणके बसायचे ते फक्त पातळ भिंतीमुळे, असं मीही समजत होतो. पण आता माझ्या पंधरा इंची टायरची भिंत ९७ आहे, म्हणजे सोळापेक्षा जेमतेम पाच मिलिमीटर जास्त, आणि गाडी ओळखू येऊ नये इतकी मऊ चालते. तीन महिन्यांनी सोळाचा संच काढून ठेवला.

सध्याची चाकं १५ इंची, ७ इंच रुंद, ऑफसेट ३८, टायर १९५/५० आर १५. टायरसकट पावणेपंधरा किलो. बाहेरची कड २६ मिलिमीटर पुढे, आतली १२ मिलिमीटर आत. जाडी दोन्हीकडे वाटली गेली. टायरचा बाहेरचा व्यास ५७६ मिलिमीटर, मूळ टायरचा ५७८. त्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीसारखाच दाखवतो. सोळा इंचीचा व्यास ५९१ होता. काटा शंभर दाखवायचा तेव्हा गाडी मूळ हिशोबापेक्षा दोन-सव्वादोन किलोमीटर जास्त वेगात असायची, आणि तेवढीच प्रत्येक गियरमधली ओढ मंदावायची. लहान इंजिनाला तेही जाणवतं.

या वेळी घेण्याआधी मोजलं. मुलांची प्लॅस्टिसिन माती आणली, तिचे लिंबाएवढे गोळे कमानीच्या घडीला आणि आत शॉकॲब्सॉर्बरच्या अंगाला चिकटवले, एका मित्राचं याच मापाचं चाक तात्पुरतं लावलं, सस्पेन्शनच्या खालच्या दांड्याखाली (आर्मखाली) जॅक लावून ते जमेल तितकं दाबलं, आणि पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिली. माती जिथे सर्वात पातळ झाली तिथे तिची जाडी मोजली. मागच्या घडीपाशी ८ मिलिमीटर उरले, आत त्याहून जास्त. कमान ठोकून वळवावी लागली नाही. स्प्रिंग बदलून गाडीची उंची कमी केलेली असेल तर हे आकडे तुमच्या कामाचे नाहीत, माती स्वतः आणा.

नटांचं एक राहिलं. आटे १२ बाय १.५ (मिलिमीटरमध्ये व्यास आणि आट्यांमधलं अंतर) आणि टोक शंकूचं, तेवढं जुळलं. पण नव्या चाकाची नटांची भोकं खोल आणि अरुंद आहेत, मूळ २१ मिलिमीटरचा पाना आतच जाईना. बारीक डोक्याचे नट वेगळे घ्यावे लागले, आणि त्यांचा पाना आता कायम डिकीत असतो. नसता तर रस्त्यात पंक्चर झाल्यावर नुसतं बघत बसायची वेळ. टॉर्क रेंच १०० न्यूटन-मीटरला लावतो. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले तर एक नट पाव फेरा फिरला.

आठ महिन्यांनंतरची स्थिती अशी. वळणात पकड मूळ टायरपेक्षा स्पष्ट जास्त, आणि सुटायच्या आधी गाडी अजूनही सांगते. पार्किंगला स्टेअरिंग थोडं जड झालंय, त्याची सवय झाली. हवा कंपनी २६ पीएसआय सांगते. या टायरला मी २८ ठेवतो, २६ ला कडा लवकर घासायला लागल्या होत्या. अलाइनमेंट चाकं बदलल्याच्या आठवड्यातच करून घेतलं. ॲल्युमिनियमच्या हब रिंग मात्र ओल्या दिवसांत हबला चिकटतात, तिथे किंचित ग्रीस लावतो, नाहीतर चाक काढताना लाथा घालाव्या लागतात. चाकाच्या आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल हा हलक्या धातूच्या चाकांसाठीच्या जपानी मानकाचा शिक्का ओतीव आहे. घेताना तो बघितला. नुसता स्टिकर असता तर घेतली नसती.

उणं म्हणाल तर दिसणं. कमानीत अजूनही दोन बोटं जागा दिसते आणि फोटोत गाडी थोडी उंच वाटते. भाऊ म्हणतो, आता बूट मापाचे झाले. सोळाचा संच गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलाय, घेणारा अजून मिळालेला नाही. विचारायला येतो तो एकच प्रश्न विचारतो, चार बाय शंभर आहे का? मी ऑफसेट आणि मधलं भोक सांगायला लागलो की फोन ठेवून देतो.