विहिरीच्या पाण्यात नायट्रेट: उकळायचं की आरओ लावायचा?
शेताजवळच्या विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी असलं की लोक बिनधास्त सांगतात, उकळून प्या, काही होत नाही. जंतूंसाठी ठीक आहे हो, पण खतातून झिरपलेलं नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट आहे तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात प्रमाण वाढतंच. आरओ बरंचसं नायट्रेट अडवतो, पाणी वाया जातं हे खरं, आणि मेम्ब्रेन खराब झाला तर चवीवरून कळत नाही म्हणून अधूनमधून टेस्ट करायलाच हवी (डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम). पण घरात पावडरचं दूध पिणारं तान्हं बाळ असेल तर उकळण्यावर अजिबात विसंबू नका प्लीज, नायट्रेटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडू शकतं.